‘यापन’ आणि पालीचा विद्यार्थी : मावळातील काही साक्षी

पाली विषय घेऊन पदवी संपादन केलेल्या तरुणास त्याच्या घरी, वस्तीत आणि कित्येकदा विहारातही एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांना धम्माची आस्था नाही, असे म्हणून तो उडवून लावण्याचा प्रघात आमच्या काही विद्वान मित्रांत आहे. आम्हास तो मान्य नाही. ज्या घरातील पहिली किंवा दुसरीच पिढी विद्यापीठाची पायरी चढली आहे, त्या घराने आपल्या मुलाच्या चरितार्थाची चिंता करावी, यात गैर ते काय? भाषा शिकणाऱ्याने खावे काय, हा प्रश्न आजचा नाही. तो निदान अठराशे वर्षांचा जुना आहे, आणि त्याला वेगवेगळ्या काळी दिली गेलेली उत्तरे पुणे जिल्ह्यातील मावळ या एका लहानशा मुलखात आजही पाहावयास मिळतात. त्यांपैकी काही दगडावर कोरलेली आहेत, एक बखरकारांच्या आणि इतिहासकारांच्या लेखणीत आहे आणि एक अद्याप पूर्ण व्हावयाचे आहे.

लोणावळ्याहून पुण्याकडे येताना मळवली स्थानकाच्या एका अंगास कार्ले व दुसऱ्या अंगास भाजे ही लेणी लागतात. बेडसे तेथून फार दूर नाही. कार्ल्याच्या डोंगराचे प्राचीन नाव ‘वलूरक’. येथील चैत्यगृह देशातील खोदीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे होय. या चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एक लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उसभदात याने वलूरक लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांना, चातुर्दिश संघाला, करजिक नावाचे गाव दान दिले, असे त्यात नोंदलेले आहे. कशासाठी दिले? तर वर्षावासासाठी तेथे राहणाऱ्यांच्या ‘यापनासाठी’. यापन म्हणजे देहयात्रा चालविणे, निर्वाह. दानाचा हेतू सांगताना लेखकाने येथे निर्वाहाचा शब्द योजला, ही गोष्ट आम्हास फार महत्त्वाची वाटते.

पुढे सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला. राज्य बदलले म्हणजे जुन्या राजाच्या देणग्या बुडतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. परंतु त्याच दर्शनी भागी सातवाहनांच्या आज्ञेचाही लेख आहे. तो ‘मामाल’ येथील अमात्यास उद्देशून असून करजक गाव वलूरकच्या भिक्खूंकडे राहावे, असा त्याचा आशय आहे. हे मामाल म्हणजेच आजचे मावळ. आमच्या या तालुक्याचे नाव इतिहासात प्रथम उमटते ते भिक्खूंच्या निर्वाहाची व्यवस्था लावणाऱ्या सरकारी हुकुमात, ही गोष्ट मावळातील किती शाळांत सांगितली जाते?

आता हा निर्वाह कोणाचा होत असे, ते पाहू. लेण्यांत राहणारे भिक्खू केवळ ध्यान करीत बसलेले असत, अशी एक कल्पना रूढ आहे. कार्ल्याच्या एका स्तंभावरील लेख तिला छेद देतो. तो स्तंभ सोपारक म्हणजे आजच्या सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय निकायातील सातिमित याने दिलेला आहे. त्याच्या नावामागे ‘भाणक’ ही उपाधी आहे. भाणक म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत करून त्याचे शुद्ध पठण करणारा, ते दुसऱ्यास शिकविणारा आणि उपासकांपुढे सांगणारा. तिपिटक सिंहलद्वीपात वट्टगामणी राजाच्या काळी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ग्रंथारूढ झाले, असे परंपरा सांगते. त्यापूर्वी, आणि त्यानंतरही बराच काळ, ते या भाणकांच्या कंठात सुरक्षित राहिले. कोणी दीघनिकाय पाठ करी, तो दीघभाणक. कोणी मज्झिमनिकाय पाठ करी, तो मज्झिमभाणक. भारहुतच्या स्तूपावर ‘पेटकी’, ‘सुतंतिक’, ‘पंचनेकायिक’ अशा उपाधी धारण करणारे दाते आढळतात. पिटक जाणणारा, सुत्त जाणणारा, पाचही निकाय जाणणारा, असे त्यांचे अर्थ. आजच्या भाषेत यांना पदव्याच म्हणावयाच्या. मिलिंदपञ्हातील धम्मनगराच्या वर्णनातही सुत्तंतिक, विनयधर, आभिधम्मिक, धम्मकथिक, जातकभाणक अशी त्या नगरातील रहिवाशांची लांबलचक यादी येते. ज्या ग्रंथाच्या नायकाचे नाव बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयास दिले, त्या ग्रंथातील हे नगर भाषा आणि ग्रंथ जाणणाऱ्या माणसांनी गजबजलेले आहे, आणि त्यांतील प्रत्येकाला नेमून दिलेले काम आहे.

एकाच शिक्षणातून कथन, पठण, विनयाचा निवाडा आणि अध्यापन अशी निरनिराळी कामे फुटत होती, हे येथे ध्यानात घ्यावे. सातिमित हा सोपाऱ्याचा. घाट चढून तो दुसऱ्या निकायाच्या भिक्खूंचीही वस्ती असलेल्या लेण्यात येतो आणि तेथे स्तंभ देतो. पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षी याच कार्ल्यात महासांघिकांसाठी एक मंडप दिला गेला, असा स्वतंत्र लेख आहे. बंदरापासून घाटमाथ्यापर्यंतच्या व्यापारी वाटेने जसे शेठी, गंधिक आणि यवन गेले-आले, तसे भाणकही गेले-आले.

बेडसे येथील एका स्तूपाचा लेख आमच्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. गोभूती नावाचे अरण्यवासी, पिंडपातावर जगणारे एक भिक्खू मारकुड येथे राहत. त्यांचा स्तूप त्यांच्या अंतेवासीने करविला, असे तो लेख सांगतो. अंतेवासी म्हणजे गुरूच्या सन्निध राहून शिकणारा विद्यार्थी. भाजे येथे चौदा स्तूपांचा समूह आहे. त्यांतील काहींवर धम्मगिरी, संघदिन, अंपिकिणक अशा थेरांची नावे आहेत. आचार्य गेल्यानंतर त्यांचे नाव दगडावर कोरण्याइतकी ऐपत आणि आस्था मागे राहिलेल्यांत असे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

कार्ल्याच्या चैत्यगृहासाठी देणाऱ्यांत वैजयंतीचा शेठी भूतपाल आहे, धेनुकाकटचे यवन आहेत, आसाढमिता भिक्खुणी आहे आणि प्रवेशद्वाराचे काम करणारा सामी नावाचा वढकी म्हणजे सुतारही आहे. राजाच्या गावापासून सुताराच्या हातापर्यंत सर्वांच्या श्रमातून एक व्यवस्था उभी होती. तिच्या आश्रयाने सातिमितासारखा माणूस आयुष्यभर शब्द जतन करू शकला. त्याच्या उपाधीमागे जात नाही, निकाय आणि विद्या आहे.

मावळातील दुसरे उत्तर तळेगाव दाभाडे येथील आहे. हे गाव सेनापती दाभाडे यांचे. खंडेराव दाभाडे यांच्या घराण्यात ब्राह्मणांना दरवर्षी तळेगावी बोलावून भोजन व दक्षिणा देण्याची चाल होती. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना मारले गेले आणि त्यानंतर ही चाल पेशव्यांनी पुण्यास उचलून नेली. पुढे तिचे रूपांतर पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात होणाऱ्या प्रचंड दानात झाले. शास्त्री-पंडितांची विद्या पाहून त्यांना अधिक दक्षिणा दिली जाई. म्हणजे येथेही भाषेचे व शास्त्राचे अध्ययन आणि निर्वाह यांची सांगड होती. ती सांगड जन्माच्या अटीवर होती, एवढाच फरक. परंतु या ‘एवढ्याच’ फरकाने आमच्या समाजाची शंभर वर्षे गिळली आहेत.

कारण पेशवाई १८१८ साली बुडाली तरी दक्षिणेचा निधी बुडाला नाही. इंग्रज सरकारने त्याच निधीतून १८२१ साली पुण्यास संस्कृत पाठशाळा काढली. डेक्कन कॉलेजचा उगम तो हाच. १८४९ साली सुधारक मंडळींनी या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांसाठी खर्च व्हावा, अशी मागणी केली, तेव्हा सनातनी पुण्यात केवढा गदारोळ उसळला! महात्मा जोतीराव फुले त्या अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. ग्रंथ लिहिणाऱ्याला पैसा कोणत्या भाषेसाठी आणि कोणाच्या हातून मिळावा, हा तो झगडा होता. आजच्या पाली विद्यार्थ्याने तो आपल्याच प्रश्नाचा पूर्वेतिहास म्हणून वाचावा.

ही मक्तेदारी किती खोलवर गेली होती, याचे उदाहरण आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यास संस्कृत शिकावयाचे होते. ते त्यास नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच्या परिश्रमाने संस्कृत हस्तगत केली. भाषेचा वर्ग एखाद्याला बंद करणे म्हणजे त्या भाषेतील पुरावे त्याच्या हाती लागू न देणे होय. ‘हू वेअर द शूद्राज?’ लिहिणाऱ्या बाबासाहेबांना याची जाणीव इतर कोणाहूनही अधिक होती.

लेण्यांचे लेख प्रत्यक्ष वाचण्याचे काम या काळात कसे चालले, त्याचाही येथे ओझरता उल्लेख करतो. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली. जुनागडच्या भगवानलाल इंद्रजी यांनी गिरनारच्या शिलालेखापाशी प्रिन्सेपच्या तक्त्याच्या आधारे ती लिपी आत्मसात केली आणि मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे लेखांच्या प्रती घेण्याच्या कामावर ते रुजू झाले. १८८१ साली बर्जेस यांच्यासमवेत त्यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचे पुस्तक सिद्ध केले. पुढे लायडनच्या विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. ठसे घेणारा एक पगारी सहायक जगन्मान्य विद्वान झाला, तो दगडासमोर उभे राहून अक्षर वाचण्याच्या सरावामुळे.

आता पालीकडे वळू. १८९९च्या अखेरीस घर सोडून पुण्यास आलेल्या धर्मानंद कोसंबी यांना येथे संस्कृतचे पाठ मिळाले. परंतु पालीसाठी त्यांना सिलोन आणि ब्रह्मदेशाची वाट धरावी लागली. ज्या पुण्यापासून दिवसभराच्या पायपिटीवर सातिमित भाणकाचा स्तंभ उभा आहे, त्या पुण्यात पाली शिकविणारा मनुष्य नव्हता! परत आल्यावर कोसंबींनी कलकत्त्यास अध्यापन केले. पण महाराष्ट्रात पाली रुजावी म्हणून त्यांनी तेथील अधिक वेतनाचा मोह सोडला आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेली दरमहा ५० रुपयांची वृत्ती पत्करली. तिच्याबरोबर अट होती ती महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहण्याची व ग्रंथलेखनाची. उसभदाताच्या गावानंतर बौद्ध विद्येच्या वाट्याला या मुलखात आलेले हे मोठेच ‘यापन’ म्हणावयाचे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या पाठिंब्याने पालीस मुंबई विद्यापीठात स्थान मिळाले आणि १९१२ ते १९१८ या काळात कोसंबींनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली.

विद्यापीठाने विषय मान्य केल्याशिवाय विद्यार्थी येणार नाही आणि विद्यार्थ्यास पुढे काम मिळाल्याशिवाय विषय टिकणार नाही, हे कोसंबींनी ओळखले होते. त्यांचे विद्यार्थी पाहा. प्रा. ना. के. भागवत मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक झाले. त्यांनी मुंबई विद्यापीठासाठी महावंस, थेरीगाथा इत्यादी ग्रंथ देवनागरीत संपादित केले आणि रोमन लिपीचा अडसर दूर केला. प्रा. चिं. वि. राजवाडे यांनी दीघनिकाय मराठीत आणण्याचे काम केले. प्रा. पु. वि. बापट यांनी विमुत्तिमग्गाचा अभ्यास करण्यासाठी चिनी भाषेची कास धरली, हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली, १९५६ साली बुद्धधर्माच्या पंचवीसशे वर्षांवरील प्रसिद्ध ग्रंथाचे संपादन केले आणि १९५७ साली स्थापन झालेल्या दिल्ली विद्यापीठाच्या बौद्ध विद्या विभागाची धुरा वाहिली. एकाच गुरूच्या हाताखाली तयार झालेल्या या तिघांनी पालीला एकेका वेगळ्या कौशल्याची जोड दिली. ते संपादन, भाषांतर आणि दुसरी एक अभिजात भाषा या तीन मार्गांनी गेले. केवळ क्रमिक पुस्तक पाठ करून त्यांतील कोणीही थांबला नाही. अर्थात फर्ग्युसनच्या त्या वर्गात आमच्या समाजाचा मुलगा असणे त्या काळी दुरापास्तच होते. हे कोसंबींनाही जाणवले असावे. परळच्या गिरणगावात त्यांनी पुढे ‘बहुजन विहार’ उभारला, तो याच तळमळीने.

तिसरे उत्तर मावळाच्या उंबरठ्यावरील देहूरोडचे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी येथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. देहूरोडची वस्ती ही लष्करी डेपोत राबणाऱ्या कामगारांची. त्यांच्यासमोर बाबासाहेबांनी आपण भगवान बुद्धावर ग्रंथ लिहीत असल्याचे सांगितले. कार्ल्याच्या भिक्खूंना गाव मिळाले होते, तळेगावच्या शास्त्र्यांना दक्षिणा मिळाली होती. देहूरोडच्या कामगाराकडे हजेरीचा पगार होता आणि त्यातून तो मुलाला शाळेत घालीत होता. त्याच वर्षांत बाबासाहेब स्वतः पाली शब्दांचा कोश रचीत होते. हा कोश आणि पाली व्याकरण महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी व गुजरातीतही दिलेले आहेत. राज्यघटनेचा शिल्पकार प्रकृती ढासळत असता शब्दांच्या याद्या करीत बसतो, त्या आपल्या लोकांनी मूळ वचन स्वतः वाचावे म्हणून, असेच आम्ही समजतो.

मग आज आम्ही कोठे आहोत? धर्मांतरानंतर पाली आमच्या मुलांची झाली. पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबाद येथील विद्यापीठांत ती शिकविली जाऊ लागली. हे लहान यश नव्हे. परंतु एक व्याधीही त्याबरोबर आली. शालान्त परीक्षेपासून पालीकडे ‘गुण देणारा विषय’ म्हणून पाहिले गेले. प्रश्नोत्तरांची मार्गदर्शके छापली गेली, गुण मिळाले, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी ‘बुद्धो बुद्धस्स’ विसरले गेले. स्पर्धा परीक्षेतही पाली हा पर्यायी विषय म्हणून घेण्याची वाट पडली होती. २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाने पाली साहित्य त्या यादीतून काढून टाकले. या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला गेला, तो योग्यच होता. मात्र जे केवळ त्या परीक्षेसाठी वर्गात येत होते त्यांना येण्याचे कारण उरले नाही, हेही तितकेच खरे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबरच पाली व प्राकृत यांना अभिजात भाषांचा दर्जा दिला. आम्ही त्याचे स्वागत करतो. परंतु दर्जा भाषेला मिळाला आहे. विद्यार्थ्याच्या यापनाचे काय, हा प्रश्न त्या घोषणेने आपोआप सुटत नाही.

प्राध्यापकाची जागा हेच पालीच्या विद्यार्थ्याचे एकमेव गंतव्य, ही समजूत आधी सोडली पाहिजे. अशा जागा थोड्या आणि त्या भरण्याचा वेग सर्वांना ठाऊक आहे. पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन तासिकेवर राबणारे तरुण आम्ही रोज पाहतो. त्यांच्या हाती आणखी काही असावयास हवे. नालंदा येथे भिक्खु जगदीश काश्यप यांनी देवनागरी तिपिटकाचे ४१ खंड सिद्ध केले. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १४० खंड छापले व १९९७ साली संगणकाच्या तबकडीवर सर्व वाङ्मय आणले. या दोन्ही कामांना पाली जाणणारी, मुद्रिते तपासणारी, पाठभेद ओळखणारी माणसे लागली. अट्ठकथांचा फार मोठा भाग अद्याप मराठीत आलेला नाही. तो आणण्यासाठी ज्याची मराठी भक्कम आहे असाच पाली विद्यार्थी पाहिजे, आणि मराठीच्या तयारीकडे आमच्या पाली वर्गांत जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही.

कोरीव लेखांचे तेच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संस्थेने पुरातत्त्वाच्या पदव्युत्तर पदविकेसाठी २०२० साली जी जाहिरात दिली, तीत पात्र विषयांत पालीचे नाव होते. दार उघडे आहे. पण तिपिटकाची पाली शिकलेल्या विद्यार्थ्याला कार्ल्याच्या व्हरांड्यात उभे केले तर तो गोंधळतो. त्याला ‘सेट्ठि’ ठाऊक असतो आणि दगडावर ‘सेठि’ दिसतो. त्याला ‘धम्म’ माहीत असतो आणि समोर ‘धम’ असते. ‘वड्ढकी’च्या जागी ‘वढकि’, ‘थम्भो’च्या जागी ‘थबो’ आढळतो. या लेखांत जोडाक्षर दुहेरी लिहीत नाहीत आणि अनुस्वार पुष्कळदा गाळतात, एवढे दोन नियम कोणी समजावून दिले तर अर्ध्या दिवसात त्याची भीती मोडते. मग त्याच्या लक्षात येते की, ‘घर’ हा शब्द तर जशाचा तसा तेथे आहे आणि ‘लेण’ म्हणजे आपले लेणे. प्राकृत आणि ब्राह्मी हे पालीच्या अभ्यासक्रमाचे अंग झाले पाहिजे, असा आमचा आग्रह आहे तो याच कारणाने.

एकवीरेच्या दर्शनास येणारी हजारो माणसे कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरून जातात. लोणावळ्याला येणारा प्रवासी भाज्याला जातो. त्यांना तेथे ‘पांडवांनी एका रात्रीत खोदले’ असे सांगणारा भेटतो, कारण भूतपाल, सामी आणि सातिमित यांची नावे वाचून दाखविणारा तेथे उभा नसतो. हे काम पगाराचे होऊ शकते, सन्मानाचेही होऊ शकते. त्यासाठी पाली, थोडी प्राकृत, स्वच्छ मराठी आणि समोरच्याला कळेल अशी इंग्रजी वा हिंदी एवढी सामग्री पुरे. प्राचीन धम्मकथिकाचे काम याहून फार निराळे नव्हते.

पुणे विद्यापीठाचे पाली विद्यार्थी आणि मावळातील विहारे यांच्यात रेल्वेच्या दोन तासांचेही अंतर नाही. पावसाळा सरल्यावर, प्रवारणेनंतरच्या पंधरवड्यात, देहूरोड वा लोणावळ्याच्या एखाद्या विहाराने दहा-बारा विद्यार्थ्यांच्या निवासाची व भोजनाची सोय करावी. सकाळी त्यांनी भाजे, बेडसे, कार्ले येथे लेख वाचावेत व त्यांचे छायाचित्र घेऊन नकला कराव्यात. दुपारी सेनार आणि बर्जेस यांच्या वाचनाशी त्या ताडून पाहाव्यात, सायंकाळी वस्तीतील लोकांना मराठीत समजावून द्याव्यात. खर्च फार येणार नाही. बेडशाच्या स्तूपावरील अक्षरे पुष्कळ झिजली आहेत. तेथून आरंभ केलेला बरा.